आधी एक चिंधी

"आई, मी पूलवर आहे, उशीर होईल," एवढं बोलून मुलाने फोन ठेवला आणि काकूंचा पाय मशीनवरच थांबला.

त्याच दुपारी मुलाचा निकाल लागला होता आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. अशा निकालानंतर, अशा कातरवेळी, तरणाताठा मुलगा पुलावर कशाला जाईल? 'पूलवर' नाही, 'पुलावर' म्हणावं, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. भाषा घेऊन पदवी मिळवली होती त्यांनी. चुकीचं रूप कानावर पडलं की घासात खडा लागल्यासारखं व्हायचं. पण ही वेळ व्याकरणाची नव्हती. कपड्यांच्या मोठ्या दुकानामागे एक चिंचोळी खोली असते, पॅंटची उंची कमी करून देणारी, कंबर सैल करून देणारी, तिथे त्या कामाला होत्या. अर्धी टीप मशीनखाली तशीच सोडून, गळ्यात टेप आणि बोटात अंगुस्तान घेऊन त्या धावत सुटल्या.

पुलावर फिरायला आलेले दोन म्हातारे होते आणि कठड्यापाशी गळ टाकून बसलेला एक माणूस. काकूंनी त्याला गाठलं.

"इथे एक मुलगा पाहिलात का? उंच आहे, खांदे पाडून चालतो. निळा शर्ट. वरून दुसरं बटण मी लावलंय, त्याचा दोरा जरा गडद आहे."

"बाई," तो माणूस पाण्यावरची नजर न काढता म्हणाला, "सकाळपासून मला मासा दिसला नाही, बटण कुठून दिसणार?"

मग काकूंनी फोन लावला, आणि मुलगा फोनमधून इतका ओरडला की गळवाल्यालाही ऐकू गेलं. "अगं आई, पूल! खेळ असतो! टेबल असतं, बॉल असतात! सलूनच्या वर आहे मी!"

"सापडला?" गळवाल्याने विचारलं.

"सापडला," काकू म्हणाल्या. "सलूनच्या वर आहे."

"मग इथे का शोधत होतात?" याचं उत्तर काकूंना चटकन सुचलं नाही. सुचलं असतं तर त्या काकू कसल्या.

असा काकूंचा पूल या खेळाशी पहिला संबंध आला. जिना चढून त्या वर गेल्या ते मुलाला कान धरून खाली आणायला. लांबट खोली होती. दोन हिरवी टेबलं, त्यांवर खाली ओढलेले दिवे, भिंतीला खालच्या सलूनमधून बाद झालेला एक आरसा आणि सगळ्यांच्या बोटांना स्टिकच्या टोकाला लावायचा निळा खडू. खालचं सलून आणि वरची खोली एकाच माणसाची. त्याला सगळे सलूनवाला म्हणत. दाढी करताना माणूस हलला तर जसं बोलतात तसं, हळू आणि दटावून, तो सगळ्यांशीच बोलायचा.

"पहारा करायला आलात का, काकू? मग बाकावर बसा. टेबलाजवळ उभं राहायचं असेल तर हातात स्टिक पाहिजे."

बाकाचा एक पाय आखूड होता. काकू दोन संध्याकाळी त्याच्यावर डुलत बसल्या आणि तिसऱ्या संध्याकाळी स्टिक घेऊन उभ्या राहिल्या.

"डावा हात टेबलावर टेका," सलूनवाल्याने शिकवलं. "अंगठा वर. त्याच्यावर स्टिक ठेवायची. याला ब्रिज म्हणतात."

"म्हणजे पूलच की," काकू म्हणाल्या. "सापडला म्हणायचा एकदाचा."

पुढच्या वर्षी मुलाने परीक्षा दिली, पास झाला, नोकरीला लागला आणि पूल खेळणं सोडून दिलं. काकूंनी सोडलं नाही. त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे मधेच अडकलेल्या माणसांबद्दल बोलायचा त्याला अधिकार होता. तो म्हणाला, "मुलाला सोडवायला गेलीस आणि स्वतःच अडकलीस की गं."

"अहो, मी फक्त बघायला जाते."

"हो, आणि मी फक्त बटणं दाबायला जातो."

आता काकूंच्या खेळाबद्दल. खेळ वाईट नव्हता, उशिरा यायचा.

दुरुस्तीच्या कामात एक रीत असते. नवा दोरा ओवला, सुई बदलली, किंवा नुसती सकाळ झाली, तरी गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावण्याआधी एका चिंधीवर टीप मारून बघायची. दोरा ताणला जातोय का, टाका सुटतोय का, आपलाच हात थरथरतोय का, ते चिंधीवर कळतं. बाकीच्या बायका वीतभर टीप मारून कामाला लागत. काकूंचं तेवढ्यावर भागत नसे. शेजारच्या मशीनवरची बाई दोन पॅंट उरकायची, तोवर काकूंची चिंधी भरतकाम केल्यासारखी दिसायला लागायची. पण त्यानंतर काकूंची टीप अशी सरळ यायची की दुकानाचा मालक ती गिऱ्हाइकांना उलटी करून दाखवायचा.

खरं तर त्यांचा सगळा जन्मच असा गेला होता. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत त्यांना उत्तर आठवायचं ते जिना उतरताना. लग्नाच्या फोटोंत त्यांचे डोळे मिटलेले आहेत. डोळे उघडे ठेवण्याचा सराव पुरा झाला तेव्हा फोटोवाला जेवायला बसला होता. नणंदेने टोमणा मारला की त्यांचं सणसणीत उत्तर तयार व्हायचं, पण नणंद आपल्या घरी पोचून झोपल्यावर. एकदा एक उत्तर इतकं झकास जमलं की वाया जाऊ नये म्हणून त्यांनी फोन करून दिलं. "कशाबद्दल बोलतेयस, वहिनी?" नणंदेने विचारलं. तेव्हा काकूंना आधी तिचा टोमणा तिला आठवून द्यावा लागला, तोही पुरा, चालीसकट. नणंद खूश झाली. "असं म्हणाले मी? छानच म्हणाले की!"

आईपणाला मात्र चिंधी मिळाली नाही. पहिलंच मूल आणि तेच गिऱ्हाइकाचं कापड. त्यामुळे काकूंनी सगळ्या टिपा भीतभीत मारल्या, काही दुहेरी मारल्या, आणि दुसरं मूल झालं नाही म्हणून जो काही हात बसला तो कुणाच्याच उपयोगी पडला नाही.

तर पूलचंही तसंच. काकूंना हात बसायला पाऊण तास लागायचा. त्याआधी त्या पांढरा बॉल मारायच्या आणि तो दुसऱ्या कुठल्याही बॉलला न शिवता, ओळख नसल्यासारखा, टेबलभर हिंडून परत यायचा. पाऊण तासानंतर मात्र विचारू नका. पण खोलीतल्या सामन्यांत तीनपैकी दोन खेळ जिंकले की संपलं, आणि काकूंचा हात बसेपर्यंत समोरचा माणूस स्टिक भिंतीला लावून मोकळा झालेला असायचा. सामना संपल्यावरच्या खेळात त्यांना कोणी हरवू शकत नसे. रिकाम्या टेबलावर त्या एकट्याच कडेच्या पॉकेटमध्ये बॉलमागून बॉल घालत आणि सलूनवाला दिवा बंद करायला येऊन उभा राहिला की म्हणत, "बघा, आत्ता जमतंय." सरावाला त्या चिंधी म्हणत, म्हणून खोलीत सगळेच म्हणायला लागले. "चिंधी झाली का?" "अजून एक चिंधी होऊ दे." पाठीमागे त्यांना चिंधीकाकू म्हणत. पाठीमागे म्हणजे त्या आरशासमोर उभ्या असताना, त्यामुळे म्हणणाराही त्यांना दिसायचा.

नीट खेळण्याआधी माणसाने किती वेळ हात गरम करावा, यावर त्या खोलीत रोज वाद व्हायचा. सलूनवाला म्हणायचा, दोन दाढ्यांचा वेळ. पहिल्या दाढीत हात परका असतो, दुसऱ्या दाढीत आपला. घरोघरी पार्सलं पोचवणारा एक तिशीतला माणूस तिथे यायचा, त्याला हेल्मेट म्हणत. त्याचं मत असं की हेल्मेट काढायला लागतो तेवढा वेळ पुरे. आणि तो तसाच खेळायचा. जिना चढून आला, हेल्मेट खुंटीला, हातात स्टिक, आणि पहिलाच बॉल पॉकेटमध्ये. काकूंना ते पाहून मत्सर वाटायचा आणि काळजीही. इतक्या घाईने गाडी चालवत असेल तर?

मुलाने कुठेतरी वाचून सांगितलं होतं, "दहा-पंधरा मिनिटं, आई. डोळ्यांना अंतर कळायला आणि खांदा सैल व्हायला तेवढी पुरतात. त्याच्यापुढे उरते ती भीती. ती सरावाने जात नाही."

"मला कसली भीती?"

"अजून चिंधी संपली नाही, एवढीच."

काकूंनी त्याला चांगलं उत्तर दिलं, पण तो ऑफिसला गेल्यावर.

मग चौथ्या जागेचा प्रश्न आला. सलूनच्या खोलीचा चार जणांचा संघ होता आणि तो गावातल्या दुसऱ्या खोल्यांशी खेळायचा. संघातला औषधांच्या दुकानाचा मालक गाव सोडून गेला आणि जागा रिकामी झाली. सलूनवाल्याने जाहीर केलं, "रविवारी दुपारी काकू आणि हेल्मेट. जो जिंकेल तो चार नंबर. आणि काकू, हे शेवटचं. तुम्ही गेली तीन वर्षं दर वेळी म्हणता की हात बसला असता तर जिंकले असते. आता नाही बसला तर तुमच्यासाठी दरवाजा उघडा आहे, टेबलही आहे, पण संघाचं नाव काढायचं नाही."

काकू "बरं" म्हणाल्या. संघाचे नवे शर्ट मापात बसवायला त्यांच्याकडेच आले होते. तीन शर्टांची मापं होती, चौथा सैल ठेवायला सांगितला होता. पाठीवर नाव नव्हतं, नुसता आकडा. एका दुपारी दुकानामागच्या खोलीत कुणी नसताना काकूंनी तो चौथा शर्ट अंगात घातला आणि दोन्ही बाजूंनी आपल्या मापाने कच्चे टाके घातले. लगेच उसवता येतील असे. त्या काही वेड्या नव्हत्या. आतापर्यंत त्या कुणाच्या तरी आई झाल्या होत्या, कुणाच्या वहिनी, कुणाच्या काकू. चार नंबर मात्र कुणाचा नसतो. तो आकडा त्यांना हवा होता, आणि इतका हवा होता की स्वतःचं हसू येऊनही ओढ कमी होत नव्हती.

तयारी सुरू झाली. घरी जेवणाच्या टेबलावर झाडूचा दांडा आणि बटाटे. नवरा ताटाच्या कडेने जाणारा बटाटा बघून म्हणाला, "अगं, हा शिजवायचा आहे की मारायचा?"

"तुम्ही जेवा. हलू नका फक्त."

काकूंचा बेत सोपा होता. रविवारी पाऊण तास आधी पोचायचं, दुसऱ्या टेबलावर चिंधी उरकायची आणि बसलेल्या हातानिशी सामन्याच्या टेबलाशी जायचं. या बेतात कुणी मोडता घालू शकत नव्हतं, काकू सोडून. शुक्रवारी त्याच दुसऱ्या टेबलावर सराव करताना त्यांची स्टिक खाली घसरली आणि हिरवं कापड टरकन फाटलं. चांगली बोटभर चीर. जन्मभर लोकांची फाटलेली कापडं शिवणाऱ्या काकू त्या चिरीकडे बघत राहिल्या.

"मी रफू करते," त्या म्हणाल्या.

"रफूवरून बॉल उडी मारेल, काकू," सलूनवाला म्हणाला. "कापड बदलावं लागतं. आठवडाभर टेबल बंद."

रविवारी त्या आणि मुलगा पोचले तेव्हा दुसरं टेबल उघडंबोडकं पडलं होतं आणि सामन्याच्या टेबलावर नियमाप्रमाणे आधी कुणालाच हात लावता येत नव्हता. काकू आखूड पायाच्या बाकावर बसल्या. बाक डुलला. त्यांचे हात गार पडले होते, खरोखरचे गार, बर्फाचा डबा धरल्यासारखे.

"मी पाणी पिऊन येतो," असं म्हणून मुलगा खाली सलूनमध्ये गेला. बराच वेळ पाणी प्यायला. वर आला तेव्हा सोबत सलूनवाला होता आणि मागे हेल्मेट, हातात हेल्मेट घेतलेलं.

"आई, ठरलं," मुलगा म्हणाला. "सामन्याआधी तुम्ही दोघं याच टेबलावर एक अख्खा खेळ खेळून घ्या. चिंधी म्हणून. मग सामना."

"चालेल त्यांना?" काकूंनी हेल्मेटकडे पाहिलं.

"मला काय, काकू," हेल्मेट आरशाकडे बघत म्हणाला. "मी आपला खेळतो."

काकूंचा जीव भांड्यात पडला. पट्ट्यांचे बॉल त्यांच्या वाट्याला आले, अख्ख्या रंगाचे हेल्मेटच्या. आपले सगळे घालून शेवटी काळा घालायचा, एवढाच खेळ. चिंधीच आहे म्हटल्यावर काकू मोकळेपणाने खेळत होत्या. फटका मारतामारता बोलत होत्या. त्यांचा पहिला बॉल गेला, दुसरा गेला, तेवढ्यात त्यांचं लक्ष हेल्मेटच्या पायांकडे गेलं.

"पॅंटची उजवी टीप उसवलीय तुमची. बुटाखाली येतेय."

"असू द्या, काकू."

"असू द्या कसं? मोटरसायकलच्या साखळीत अडकली म्हणजे? आणि घरी आई असेल ना तुमची?" असं म्हणत त्यांनी तिसरा बॉल कोपऱ्यात घातला. तो लांबचा होता, अवघड होता, आणि सलूनवाल्याने घसा खाकरला ते काकूंच्या ध्यानातही आलं नाही. हेल्मेटही चांगला खेळला. पण काकूंनी काळा मधल्या पॉकेटमध्ये असा हळूच सोडला, जसं झोपलेल्या मुलाला पाळण्यात ठेवावं.

"हं," त्या खडू लावत म्हणाल्या, "जरा जरा बसायला लागलाय. करायचा सामना?"

सलूनवाला भिंतीवरच्या फळ्याकडे गेला आणि 'काकू' लिहिलं होतं त्याखाली त्याने एक रेघ ओढली.

"ही कसली रेघ?"

"एक झाला, काकू. तुम्ही एक, हेल्मेट शून्य."

काकूंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा छताकडे पाहत होता. लहानपणी बरणी फोडली तेव्हा असाच पाहत होता.

"तू मला खोटं सांगितलंस?"

"जरासं."

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"तुम्हाला सोडून," सलूनवाला म्हणाला.

काकू लालबुंद झाल्या. आणि नवल म्हणजे या वेळी उत्तर तिथल्या तिथे आलं. "हा खेळ धरायचा नाही! मी फसवून जिंकले. मला चौथी जागा अशी नको. पुसा ती रेघ!"

"का म्हणून?" आता हेल्मेट बोलला. "चिंधी तुम्हाला होती, काकू. मला नव्हती. मी जीव तोडून खेळलो आणि हरलो. रेघ पुसलीत तर माझं हरणंपण फुकट जाईल."

यावरचं उत्तर काकूंना आलं असेल नंतर कधीतरी. रेघ राहिली.

पण आता त्यांना ठाऊक झालं होतं. दुसऱ्या खेळात तोच हात, तेच टेबल, तोच खडू, आणि पांढरा बॉल पुन्हा ओळख नसल्यासारखा हिंडायला लागला. काकू मनाशी म्हणत होत्या, ही चिंधी आहे, ही चिंधीच आहे. पण स्वतःला फसवायला माणूस स्वतःपेक्षा थोडा हुशार असावा लागतो, आणि काकू दोन्हीकडून सारख्याच होत्या. हेल्मेटने तो खेळ चहा निवायच्या आत संपवला. एक एक झाले.

"थांबा जरा," काकू म्हणाल्या. त्यांना ती लोंबणारी टीप बघवत नव्हती. पर्समधून सुईदोरा काढून त्या सरळ हेल्मेटच्या पायाशी बसल्या.

"अहो काकू, काय करताय! सामना चाललाय!"

"हलू नका. टोचेल."

सगळी खोली बघत राहिली. काकूंनी सुई ओवली, एका दमात ओवली, आणि टाके घालायला लागल्या. बोटं हळूहळू ओळखीची वाटायला लागली. हात गरम झाले. सुटला की प्रश्न, त्यांच्या मनात आलं, हीच माझी खरी चिंधी! आपल्या हातचं काम केलं की हात आपोआप बसतो. त्या दोरा दातांनी तोडून उठल्या, स्टिक उचलली, टेबलाकडे आत्मविश्वासाने गेल्या आणि पहिलाच फटका असा मारला की पांढरा बॉल टेबलावरून उडून सलूनवाल्याच्या पोटरीला लागला.

म्हणजे टाके घालून हात बसला, असं काही झालं नव्हतं. तसं गोष्टींत होतं.

तो तिसरा खेळ बघवत नव्हता. काकूंचा हात बसलेला नव्हता आणि हेल्मेटला टाके घातलेल्या पॅंटचा मान राखून चालावं लागत होतं. दोघंही सोपे सोपे बॉल सोडत होते. सलूनवाला खाली एक दाढी उरकून परत आला तरी खेळ चालूच. शेवटी हेल्मेटचे सगळे बॉल गेले, त्याने काळ्यावर नेम धरला, आणि काळा पॉकेटच्या कडेला धडकून बाहेर आला. काकूंनी आपला उरलेला शेवटचा बॉल कसाबसा ढकलला, तो गेला. राहिला काळा. तो कोपऱ्यातल्या पॉकेटपासून वीतभर अंतरावर होता, तिरका. आणि जोर जरा जास्त झाला तर मागोमाग पांढराही दुसऱ्या पॉकेटमध्ये जाणार. पांढरा आत गेला की हार.

काकू वाकल्या. डाव्या हाताचा पूल थरथरत होता. त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

"ही कुठली?" त्यांनी मुलाला विचारलं. अगदी हळू, पण खोली इतकी शांत होती की सगळ्यांनी ऐकलं. आताही तो चिंधी म्हणाला असता तर काकूंनी ते खोटं आनंदाने मानलं असतं.

मुलगा बाकावरून उठून टेबलाजवळ आला. "खरी आहे, आई," तो म्हणाला. "हात बसला नाहीये तुझा. बसणारही नाही. मार तशीच."

काकूंच्या मनात आलं, काय हा मुलगा, धीराचे दोन शब्द नाहीत. मग मनात आलं, बसलेला नाही हे नक्की झालं म्हणजे आता वाट बघायची नाही. एवढं तरी काम कमी झालं. त्या वाकल्या आणि थरथरत्या हाताने, थरथर धरूनच, मारलं.

फटका देखणा नव्हता. काळा पॉकेटच्या एका कडेला लागला, दुसऱ्या कडेला लागला, तोंडाशी क्षणभर थांबला, जणू आत जाऊ का विचारत होता, आणि गेला. पांढरा समोरच्या पॉकेटकडे निघाला. "अरे थांब, थांब!" काकू त्याच्यावर ओरडल्या, जसं रस्ता ओलांडणाऱ्या मुलावर ओरडतात. तो पॉकेटच्या काठावर जाऊन उभा राहिला. टीप वाकडी आली होती, पण उसवणारी नव्हती.

"चार नंबर," सलूनवाला म्हणाला आणि पोटरी चोळली. ती अजून दुखत असावी. "आणि काकू, संघात तुम्ही शेवटी खेळायचं. पहिले तिघं खेळतील तोवर बाजूच्या टेबलावर काय ती चिंधी उरकून घ्या. फक्त कापड फाडू नका."

हेल्मेटने हस्तांदोलन केलं. "पुढच्या वर्षी बघतो तुम्हाला," तो म्हणाला. मग खाली वाकून त्याने पॅंटची टीप ओढून पाहिली. "टाके मात्र पक्के घातलेत."

"कच्चे आहेत ते," काकू म्हणाल्या. "सोमवारी दुकानात या, मशीनवर पक्की टीप घालून देते. मला तसंही मशीनवर बसायचंच आहे. एक शर्ट पक्का करायचाय."

घरी जाताना दोघं लांबच्या वाटेने निघाले. ऊन कलायला लागलं होतं. मुलगा ओळखून होता की उत्तर तयार होतंय.

"इतकं सफाईने खोटं बोलायला कुठे शिकलास?" शेवटी त्या म्हणाल्या.

"माझी दाढ काढली तेव्हा तू काय सांगितलं होतंस?"

काकूंना आठवलं. 'आज डॉक्टर नुसती बघणार आहेत.'

"आणि पोहायला पहिल्यांदा नेलंस तेव्हा?"

'आज फक्त पाय बुडवायचे.'

"आणि शाळेचा पहिला दिवस—"

"पुरे," काकू म्हणाल्या. "तुला तेव्हा कळायचं?"

"दाढेला नाही कळलं. पोहताना कळलं." मुलगा खांदे पाडून चालत होता, नेहमीसारखा. "पण तू म्हणतेस म्हटल्यावर पाय टाकले जायचे. नुसतेच बुडवायला."

काकूंना काहीतरी म्हणायचं होतं. ते मंगळवार-बुधवारपर्यंत नक्की सुचलं असतं. इतक्यात ते पुलावर येऊन पोचले. कठड्यापाशी तोच गळवाला बसला होता. त्याने काकूंकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मुलाच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे निरखून पाहिलं आणि मान डोलावली.

"जरा थांबूया इथे," काकू म्हणाल्या. "वारा बरा आहे. बाबांना फोन कर, नाहीतर काळजी करतील."

"बाबा? काळजी?"

"कर म्हणते ना."

मुलाने फोन लावला. आई शेजारीच असल्यामुळे त्याने रूप जपून वापरलं. "बाबा, आम्ही पुलावर आहोत. उशीर होईल."

पलीकडून वडिलांचा सुस्कारा काकूंनाही ऐकू आला.

"म्हणजे अजून हात बसला नाही का तिचा?"